पूर्वग्रहाचे मूळ कसे शोधावे : 'गुन्हेगार जमाती' या शिक्क्याच्या निमित्ताने

अनेक जातींचे, भाषांचे आणि पंथांचे लोक जिथे शेजारी राहतात, तिथे एखाद्या समूहाविषयीचा संशय इतका अंगवळणी पडतो की तो कोणी आणि केव्हा पेरला, हे विचारण्याचेही कोणाला सुचत नाही. अभ्यासमंडळात किंवा महाविद्यालयीन प्रकल्पात अशा संशयाचा माग काढायचा असेल, तर पुढील रीत उपयोगी पडेल. उदाहरणासाठी पारधी समाज घेतला आहे, कारण त्याच्यावरील शिक्क्याचा कागदोपत्री पुरावा दीर्घ काळाचा आहे.

प्रथम, पूर्वग्रह ज्या वाक्यातून बोलला जातो ते वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे. 'चोरी हा पारध्यांचा धंदाच आहे', असे गावात सहज म्हटले जाते. हे वाक्य कोणा एकाच्या कृत्याविषयी काही सांगत नाही, ते जन्मावरून निकाल देते. त्यानंतर समूहाच्या नावाकडे पाहावे. पारध म्हणजे शिकार, आणि फासे लावून पाखरे व लहान जनावरे पकडणारे ते फासेपारधी. नाव शिकारीवरून पडलेले असताना शिकाऱ्याचा चोर कधी झाला, हा पुढील शोधाचा प्रश्न ठरतो.

त्याचे उत्तर शोधताना कायद्यांचे मूळ मसुदे वाचावेत, त्यांच्यावरील सारांश नव्हे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने ती व्यवस्था संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी खुली झाली. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होणार, हा युक्तिवाद या कायद्यामागे होता. म्हणजे युरोपातील वंशविषयक कल्पना आणि आपल्याकडील जातीची चौकट यांची येथे गाठ पडली. जमात 'गुन्हेगार' म्हणून अधिसूचित, म्हणजे सरकारी आदेशाने जाहीर झाली की त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येत नसे, नोंदवलेल्या माणसांना हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडणे हा गुन्हा होता आणि १९२४ च्या कायद्यानुसार मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवता येत असे. ही कलमे वर्गात मोठ्याने वाचावीत. मुलांना तोडण्याच्या कलमापाशी मला दर वेळी थांबावे लागते, आणि वाचणाऱ्यांनीही तिथे थांबावे असे वाटते.

सगळा दोष मात्र इंग्रजांवर टाकून मोकळे होऊ नये. गावगाड्यात वतन किंवा बलुते नसलेल्या फिरस्त्यांकडे गाव आधीपासूनच साशंकतेने पाहत होते, आणि परक्या सरकारने त्या संशयाला नोंदवही, ठसे आणि तुरुंग पुरवले.

यानंतर उपजीविकेचा हिशेब मांडावा. रेल्वे आली तसा बैलांच्या तांड्यावरून धान्य व मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा व्यापार आटला, १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात शिकारीवर निर्बंध आले. ज्यांचे पोट अशा रीतीने बंद झाले त्यांचीच भटकंती संशयास्पद ठरली. सोलापुरात अशा जमातींना ठेवण्यासाठी तारेच्या कुंपणात उभ्या केलेल्या वसाहतीला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणून ओळखतात. तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात, म्हणून या व्यवस्थेतून स्वस्त मजूर कोणाला मिळाले, हेही नोंदवावे.

आकडेवारी वापरताना सर्वाधिक सावध राहावे. चोरी झाल्यावर पोलीस प्रथम ज्या वस्तीवर जातात त्याच वस्तीतील अटका वाढतात, मग त्या वाढलेल्या अटका 'ही वस्ती गुन्हेगारांची' याचा पुरावा म्हणून दाखवल्या जातात आणि पुढच्या चोरीनंतर पोलीस पुन्हा तिथेच जातात. म्हणून अटक आणि दोषसिद्धी हे आकडे वेगवेगळे मागावेत, आणि ते मिळत नसतील तर अटकेच्या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

कायदा रद्द झाला की पूर्वग्रह संपतो का, हे तपासण्यासाठी रद्द झाल्यानंतरची कागदपत्रे पाहावीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या, तरी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राज्याराज्यांत आले आणि पाळत चालू राहिली. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत तर या जमातींविषयीचा संशय टिकून होता, आणि जातीवर आधारलेले असे नियम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवले.

शेवटी वस्तीवर जावे, पण ओळखीच्या कार्यकर्त्यासोबत आणि आधी परवानगी घेऊन. 'तुम्ही चोरी करता का' हा प्रश्न विचारू नये. जातीचा दाखला, शिधापत्रिका आणि मुलांचा शाळाप्रवेश यांसाठी किती फेऱ्या झाल्या, हे विचारावे. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात, म्हणून दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. ज्यांच्या आजोबांना एका गावात टिकू दिले गेले नाही, त्यांच्या नातवंडांकडे हा पुरावा कोठून येणार, हे वहीत कुटुंबागणिक लिहून घ्यावे आणि ती नोंद तहसील कार्यालयात अर्जासोबत द्यावी.