नाताळचा बाजार दोन फेऱ्यांत

मडगावच्या न्यू मार्केटला नाताळाआधी जाणार असाल तर एक गोष्ट घरीच ठरवून निघा: आज सामान आणायचे की गंमत बघायची? गेल्या वर्षी मी दोन्ही एकदम करायला गेले. एका हातात नारळांची पिशवी, दुसऱ्यात भाच्याचे बोट आणि समोर कॅरल रंगात आलेले. टाळी वाजवायलाही हात मोकळा नव्हता, आणि नाचणी राहिली ती राहिलीच.

म्हणून नाचणी पहिली. मुलांना येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करायचा असेल तर नाताळाच्या बारा-पंधरा दिवस आधी ती उथळ ताटलीत, मातीवर पेरायला हवी; रोज हलका पाण्याचा शिंपडा. नवरात्रातल्या रुजवणासारखेच हे काम. बाळ येशूभोवतीचे हिरवे शेत त्यातूनच होते. मूर्ती घेण्याआधी मात्र माळ्यावरचा जुना खोका उघडून पाहा. आमच्याकडे मेंढ्या दरवर्षी दोन जास्त निघतात आणि तीन राजांतला एक कायम बेपत्ता. नक्षत्र, म्हणजे नाताळचा चांदणीच्या आकाराचा कंदील, कामट्यांचे, कागदाचे मिळाले तर तेच घ्या. प्लास्टिकचे टिकते, पण आतला दिवा लावला की त्याला शोभा नाही. बल्बची वायर दिवाळीच्या कंदिलाची चालते, नवी आणू नका.

गोडाच्या आधी कॅलेंडर बघा. मार्गशीर्षातले गुरुवार याच सुमारास येतात आणि घरात अंडे न खाणारे कोणी असतेच. बेबिंकात, म्हणजे गोव्याच्या थरांच्या मिठाईत, अंड्यांचे बलक असतात, भरपूर. सोबत नारळाचे दूध, साखर, मैदा, तूप. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण घेताना कापलेली कड बघावी: थर वेगवेगळे मोजता आले पाहिजेत. सासूबाईंसाठी दोदोल घ्या. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध, माडाचा काळा गूळ, त्यात अंड्याचा संबंध नाही. पेराद, म्हणजे पेरूची वडी, तीही चालते. केक आणि बोलिन्यांत, म्हणजे नारळाच्या बिस्किटांत, अंडे आहे का ते विचारून घ्या. चोरीस, म्हणजे गोव्याचे मसालेदार सॉसेज, घेणारे घेतील; पिशवी वेगळी न्या, नाहीतर घरभर वास.

हे सगळे सकाळच्या फेरीत. दुपारी जेवणाच्या वेळी बरीच दुकाने बंद होतात, तेव्हा साडेबारापर्यंत आटपलेले बरे. जाड कापडी पिशव्या, सुटे पैसे. गाडी लांब लावून चालत या, आतल्या बोळांत दोन माणसे समोरासमोर आली तरी एकाला तिरके व्हावे लागते. १९ डिसेंबरला मुक्तिदिनाची सुट्टी, पाहुण्यांची वर्दळ वाढते. जड सामान त्याआधीच आणून टाका.

दुसरी फेरी संध्याकाळची, रिकाम्या हातांची. पोरांच्या खिशात थोडे पैसे द्या आणि चुकामूक झाली तर पालिकेच्या इमारतीपाशी भेटायचे, हे आधी पढवा. कुठे गाणारी मुले, कुठे लाल टोपीवाला सांता भेटतो. वेळापत्रकाच्या मागे लागू नका, आवाज येईल तिकडे वळा. पायांत मऊ चपला.

आणि एक: शेजारच्या मावशींनी गेल्या नाताळात कोन्सुआदचा, म्हणजे शेजारीपाजारी वाटायच्या गोडधोडाचा, फराळ पाठवला होता, त्यांचा स्टीलचा डबा अजून आपल्याच फडताळात आहे. तो रिकामा परत जाणार नाही. यादीत रवा एक किलो लिहा, लाडवांसाठी.