परीक्षेआधी खुर्चीत बसून बघा: कॉलेजात ‘तहसीलदाराचा एक दिवस’ कसा उभा करावा

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत सकाळपासून जागा धरून बसणाऱ्या मुलांना राज्यसेवेचा अभ्यासक्रम तोंडपाठ असतो. पण तहसीलदार ऑफिसात आल्यावर दिवसभर नेमकं काय करतो, हे त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येतं. ऐन उमेदीची वर्षं ज्या पदासाठी द्यायची, ते काम आपल्याला रुचेल का, हे मुलांना आधी कळलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी वर्गातच मुलांना तहसीलदाराच्या खुर्चीत बसवायचं आणि त्याच्या टेबलावर येतात तसे कागद निकाली काढायला द्यायचे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या कुठल्याही प्राध्यापकाला हा प्रयोग करता येईल. एक वर्गखोली, थोड्या झेरॉक्स आणि महसूल खात्यातून निवृत्त झालेली एक व्यक्ती, एवढ्यावर भागतं.

१. माहितगार माणूस गाठा

निवृत्त नायब तहसीलदार किंवा अव्वल कारकून मिळाला तर उत्तम. कागद कुठे अडतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना भाषण द्यायला बोलावू नका. ‘एखाद्या साध्या मंगळवारी आल्यापासून निघेपर्यंत काय काय केलंत?’ एवढंच विचारा आणि लिहून घ्या. पुढचा सगळा माल त्यातूनच मिळतो.

२. टपाल तयार करा

सगळा जीव इथे आहे, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. दहा-बारा कागदांचा एक गठ्ठा करा. गावं आणि माणसं काल्पनिक, पण कागदाची भाषा अस्सल हवी. उदाहरणार्थ:

एका शेतकऱ्याचा अर्ज: ‘शेजाऱ्याने माझा वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला.’ इथे मुलांना फरक ओळखावा लागतो. पूर्वापार रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ लागू होतं आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा यावा लागतो. बांधावरून नवा रस्ता मागितला असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. अडथळ्याची तारीख अर्जात कुठेतरी मधेच, सहज नजरेतून निसटेल अशी लिहा.

माहिती अधिकाराचा एक अर्ज ठेवा. त्यावरचा आवक शिक्का २७ दिवसांपूर्वीचा असू द्या. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, त्यामुळे साधासुधा दिसणारा हा कागद खरं तर सगळ्यांत तातडीचा ठरतो.

त्यात अतिवृष्टीच्या पंचनाम्याचा तक्ता घाला. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदतीचा निकष लागतो, आणि तक्त्यातली निम्मी शेतं ३० ते ३५ टक्क्यांच्या मधे लटकलेली ठेवा. विनापरवाना वाळूचा ट्रॅक्टर पकडल्याचा तलाठ्याचा अहवाल, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खोळंबलेली विद्यार्थिनी, ‘सोमवारपासून आपल्या कार्यालयासमोर उपोषणास बसत आहोत’ असं निवेदन, आणि एक-दोन अगदी बिनमहत्त्वाचे कागदही टाका. कुठला कागद बाजूला ठेवायचा हे ओळखणं हाही कामाचाच भाग आहे.

निवड चाचणीची ही रीत जुनी आहे. अमेरिकी हवाई दलासाठी १९५० च्या दशकात अशीच टपालाची कसोटी तयार केली गेली होती.

३. दीड तास द्या आणि मधे व्यत्यय आणा

एका वेळी एकच विद्यार्थी खुर्चीत. बाजूला दोघे नायब तहसीलदार आणि कारकून. प्रत्येक कागदावर लेखी शेरा हवा, उदाहरणार्थ ‘मंडळ अधिकारी यांनी स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा.’ तोंडी उत्तर चालवून घेऊ नका. लिहायला लागलं की विचारातला गोंधळ कागदावर उतरतो.

वीस मिनिटांनी फोन: ‘जिल्हाधिकारी कार्यालयातून बोलतोय, मंडळनिहाय पावसाचे आकडे अर्ध्या तासात पाठवा.’ तो ठेवेपर्यंत दारात एक आजोबा: ‘मॅडम, हा माझा चौथा हेलपाटा. आज तरी सांगा, फेरफार का अडलाय?’ ही भूमिका नाट्यमंडळातल्या चांगल्या मुलाला द्या आणि त्याला मनापासून चिडू द्या. खुर्चीतली मुलगी आजोबांना आधी बसायला सांगते, की गठ्ठ्यातून मान वर न काढता बोलते, हे बाकीच्यांनी टिपून ठेवावं.

४. चर्चेला तेवढाच वेळ

घाईत उरकायचा हा भाग नव्हे. आधी विद्यार्थ्याला बोलू द्या: कुठला कागद पहिला उचलला आणि का? कुठल्या कागदाने कंटाळा आणला? कुठला आणखी वाचावासा वाटला? मग निवृत्त साहेबांनी सांगावं की त्यांनी काय केलं असतं. गुण देऊ नका, क्रमांक तर मुळीच नको. ते आले की मुलं पुन्हा परीक्षाच देऊ लागतात.

एखाद्या मुलीला कळेल की दिवसभर तंटे ऐकणं आपल्याला झेपत नाही, पण तक्ते आणि आकडे यांत मन रमतं. तिला लेखा किंवा सांख्यिकी विभागातल्या पदांची माहिती तिथल्या तिथे द्या. याला अपयश म्हणू नका, आणि घरच्यांनाही म्हणू देऊ नका.

५. इतर शाखांसाठी

वाणिज्यच्या मुलांना बँकेचं टेबल द्या. मुद्रा योजनेत ‘किशोर’ गटात ५० हजारांच्या वर ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं; शिवणकामाच्या दुकानासाठी आलेला एक अर्ज, खात्याचा उतारा आणि ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवरचा मध्यम सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत सांगणारा आकडा) समोर ठेवा आणि मंजूर-नामंजूर कारणांसह लिहून घ्या. कायद्याच्या मुलांकडे अभिरूप न्यायालय आहेच. खासगी कंपन्यांची कामं चाखायची असतील तर ‘फोरेज’ या संकेतस्थळावर विनामूल्य सराव-कामं मिळतात, ती इंग्रजीत असल्याने पहिलं काम दोघादोघांनी मिळून करावं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत प्रत्यक्ष कार्यानुभव आला आहे. कुठे जायचं याचे अर्ज मुलं भरतात, त्याआधीच्या महिन्यात हा दिवस ठेवा. त्यानंतरच्या आठवड्यात दोघा-तिघांना परवानगी काढून खऱ्या तहसील कार्यालयाच्या आवक-जावक टेबलाशी अर्धा दिवस बसवा, आणि आपल्या गठ्ठ्यात काय राहून गेलं होतं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. पुढच्या वर्षीच्या टपालात ते कागद घालता येतील.