पोरांना ‘आउटस्टँडिंग’ कसं ठरवावं: इंग्रजीच्या वर्गातले गमतीचे पुरस्कार

मी शाळेत असताना इंग्रजीचे एक सर गृहपाठ न आणणाऱ्याला दाराबाहेर उभं करायचे आणि म्हणायचे, “हे बघा आपले आउटस्टँडिंग विद्यार्थी!” वर्ग हसायचा. बाहेरच्याला आधी शब्दाचा अर्थ कळायचा नाही, आणि कळला की जास्तच लागायचं. पुढे मीच मास्तर झालो तेव्हा तो विनोद उलटा फिरवला. ज्यांचं इंग्रजी खरंच चमकलं, त्यांना वर्षातून एकदा बाहेर, कडुनिंबाखाली उभं करायचं आणि पुरस्कार द्यायचा. खानदेशातल्या कुठल्याही मराठी शाळेत हे शे-दीडशे रुपयांत होतं.

सुरुवात जूनमध्ये करा. शंभर पानी वही घ्या आणि कानावर पडलेलं, उत्तरपत्रिकेत सापडलेलं चांगलं इंग्रजी वाक्य तारखेसकट तिच्यात उतरवा. आठवड्याला दोन वाक्यं झाली तरी पुष्कळ. ‘द बफेलो इज अँग्री बिकॉज आय एम लेट’ हे एका सहावीतल्या पोराचं वाक्य माझ्या वहीत आहे. धार काढायला उशीर झाला की म्हैस कशी बघते, ते ज्याने पाहिलंय त्यालाच हे सुचणार. गुणपत्रिकेवरून पुरस्कार काढाल तर दरवर्षी त्याच चार पोरांना मिळतील आणि बाकीचा वर्ग जांभया देईल.

जानेवारीत वही उघडा आणि मग नावं ठेवा. सगळी मजा इथेच आहे, म्हणून घाई करू नका. नाव आपल्या मुलखातलं हवं आणि त्यात इंग्रजीची एक खोड पकडलेली हवी. माझी काही नावं देतो, हवी तर उचला.

‘केळीचा घड’ हा स्पेलिंगचा पुरस्कार. रावेर-यावलची पोरं केळीत वाढतात, पण बनानाचं स्पेलिंग लिहायला बसली की ‘एन-ए, एन-ए’ म्हणत गाडी सुटते ती थांबतच नाही. कुठे थांबायचं हे ज्याला कळलं, त्याला घड.

‘भुसावळ जंक्शन’ दोन वाक्यं नीट जोडणाऱ्याला. आपल्याकडे ‘जरी’ आला की मागून ‘तरी’ येतोच, म्हणून पोरं ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ही लावतात. इंग्रजीत या गाडीला एकच इंजिन चालतं. हे ज्या पोरीने वर्षभर सांभाळलं, तिला जंक्शनचा मान आणि कागदाची हिरवी झेंडी.

‘सराफ’ हा ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ तोलून वापरणाऱ्याचा. मराठीत असली भानगडच नाही, त्यामुळे पोरं एक तर हे शब्द गाळतात नाही तर मूठभर शिंपडतात. ‘ॲन अवर’ पण ‘ए युनिव्हर्सिटी’, कारण इथे अक्षर बघायचं नसतं, उच्चार ऐकायचा असतो. हे ज्याला उमगलं, त्याच्या हातात जळगावच्या सराफाने तराजू द्यायला हरकत नाही.

‘शे पुरस्कार’ माझा लाडका. ‘शे’ म्हणजे आपल्या खानदेशी अहिराणी बोलीतला ‘आहे’. ‘ही गोइंग’ म्हणून मधला ‘इज’ खाणारी पोरं वर्गात ढिगाने असतात. त्यांना मी विचारतो, “पोऱ्या हुशार शे, यातला ‘शे’ काढला तर आजी काय म्हणेल?” अहिराणीतला ‘शे’ ज्याने इंग्रजीत बरोबर जागी बसवला, त्याचा हा हक्क.

आणि ‘असोदा’. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या तोंडून यायच्या आणि दुसऱ्यांनी टिपून ठेवल्या. एखादं पोर बोलायला वाघ, पेपरात मात्र कसंबसं ३५ गाठणारं असतं. दहावीच्या इंग्रजीत लेखी ८० आणि तोंडी २०, तेव्हा अशा पोराला कौतुक ऐकायची वेळ क्वचितच येते. हा पुरस्कार त्याच्यासाठी राखून ठेवा.

नाव ठरलं की पारखून घ्या. हसू इंग्रजीच्या हट्टीपणावर आलं पाहिजे, पोरावर नाही. शाळेला ‘शाया’ म्हणणाऱ्याची बोली, आडनाव, अंगकाठी, बापाचा धंदा, यातलं काही नावात येऊ द्यायचं नाही. आदल्या दिवशी पोराला बाजूला घेऊन विचारा, “बाळा, हे नाव चालेल का तुला?” तो खाली बघू लागला तर नाव बदला. ‘अरे, गंमत आहे’ असं समजावत बसू नका.

मानपत्र कार्डशीटवर हाताने लिहा. वर पुरस्काराचं नाव, खाली पोराचं वहीत टिपलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली तुमच्या दोन ओळी सोप्या इंग्रजीत आणि एक ओळ अहिराणीत, म्हणजे घरी आजीलाही कळेल. सही लाल शाईने करा. वर्षभर ती शाई चुकांवरच खर्च होते. वाचताना मात्र चेहरा मंत्रिमंडळाच्या शपथविधीसारखा ठेवा. तुम्हीच आधी हसलात तर संपलं.

दिवस फेब्रुवारीचा धरा, परिपाठानंतरची पंधरा मिनिटं. एप्रिलवर ढकलू नका, तेव्हा परीक्षा असतात आणि आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. कडुनिंबाखालीसुद्धा मानपत्र वाचणाऱ्याला भोवळ येईल. पाच-सहापेक्षा जास्त पुरस्कार नकोत. ढाल, मेडल यांवर पैसे घालू नका. प्रत्येकाला केळं द्या, पुरस्कार मिळालेल्याला दोन. केळी सकाळीच आणा आणि सावलीत ठेवा.

साली गोळा करायला मात्र एक जण आधीच नेमा, नाही तर मुख्याध्यापक घसरतील. त्याचंही प्रमाणपत्र लिहून ठेवा आणि अगदी शेवटी वाचा. त्याचं नाव शोधावं लागत नाही, शाळेच्या प्रत्येक भाषणात ते असतंच: ‘लास्ट बट नॉट लीस्ट’.