पावसाळ्यात राखणीच्या कुत्र्याचे जंत विसरू नका

पाऊस लागला की गुरांना, शेळ्यांना जंताचं औषध पाजायची आठवण होते; राखणीचं कुत्रं मात्र हमखास राहून जातं. दिसायला धडधाकट असतं ना! पण ओली, उबदार माती ही त्याच्या पोटातल्या जंतांची रोपवाटिकाच.

विष्ठेतून पडलेली अंकुशकृमीची अंडी अशा मातीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात अळ्या माणसाच्या कातडीत शिरण्याजोग्या होतात. अनवाणी खुरपणी केल्यावर पायावर नागमोडी, लाल, खाजरी रेघ उठली आणि ती रोज थोडी पुढे सरकत असेल, तर घरचं मलम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. गोलकृमीचं अंडं सावकाश, दोन ते चार आठवड्यांत पिकतं, पण मातीत वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून विष्ठा रोजच्या रोज फावड्याने उचला आणि विहीर व भाजीच्या वाफ्यांपासून लांब, खोल पुरा. शेणखताच्या खड्ड्यात नको. खड्डा सगळीकडे सारखा तापत नाही आणि अंडी खताबरोबर वाफ्यात येतात.

मला खरी धास्ती वाटते ती हायडॅटिड गाठी करणाऱ्या फीतकृमीची. जंत जेमतेम २ ते ७ मिलिमीटरचा, कुत्र्याला त्याचा फारसा त्रासही नाही. अंडी मात्र बाहेर पडतानाच बाधक असतात. चाऱ्यावरून मेंढीच्या पोटात गेली की तिच्या यकृतात, फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी धरतात. माणसातही तेच होतं, आणि गाठ कळेपर्यंत कित्येक वर्षं जातात. जनावर कापलं, यकृत गाठाळ निघालं, कुणीतरी ते कुत्र्यापुढे भिरकावलं, की जंत पुन्हा कुत्र्याच्या पोटात. असे अवयव जाळा, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतके खोल गाडा. मेलेलं जनावरही उघड्यावर टाकू नका.

या फीतकृमीवर प्राझिक्वांटेल चालतं, किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम. पशुवैद्यकांना विचारूनच द्या. शेळ्यांच्या बाटलीतलं उरलेलं औषध अंदाजाने पाजायचं नाही. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध फीतकृमीवर लागू पडत नाही, शिवाय कोलीसारख्या मेंढपाळी जातींच्या कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतं.

पिलांना गोलकृमी आईच्या पोटातूनच मिळतात. तेव्हा दोन आठवड्यांची झाली की त्यांना औषध सुरू करा, दर पंधरवड्याला. आईलाही सोबतच द्या. मुलं याच पिलांना दिवसभर कडेवर घेऊन हिंडतात.

फीतकृमीचं औषध दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि विष्ठा गोळा करून जाळा. औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत.