डच शिकताना या चुका टाळा: क्रियापदाची जागा आणि विशेषणाचा ‘ए’

डचमध्ये क्रियापद शेवटी जातं, हे कळल्यावर मराठी विद्यार्थी सुखावतो. पण ते गौण वाक्यात. मुख्य विधानात चालवलेलं (कर्ता-काळानुसार रूप बदललेलं) क्रियापद दुसऱ्या जागेवरून हलत नाही. दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा घटक: ‘फॉल्खन्डे वेक’ (पुढचा आठवडा) मिळून एकच घटक. ‘मॉर्खन इक बेल ये ऑप’ इथे चुकतं. ‘मॉर्खन’ (उद्या) पुढे आला, की ‘इक’ (मी) क्रियापदामागे जातो: ‘मॉर्खन बेल इक ये ऑप’, उद्या मी तुला फोन करतो.

‘कारण’साठी दोन शब्द आहेत आणि तिथे हमखास घोटाळा होतो. ‘ओमदात’नंतर क्रियापद शेवटी: ‘ओमदात इक झीक बेन’, कारण मी आजारी आहे. ‘वान्ट’नंतर मात्र मुख्य वाक्याचाच क्रम: ‘वान्ट इक बेन झीक’.

‘ऑपबेलन’ (फोन करणे) हे क्रियापद मुख्य वाक्यात तुटतं आणि ‘ऑप’ शेवटी पडतो. तो विसरू नका. ‘विल’सारखं सहायक क्रियापद असलं, की ते तुटत नाही: ‘इक विल ये ऑपबेलन’. गौण वाक्यातही अखंड: ‘ओमदात इक ये ऑपबेल’. भूतकाळवाचक कृदंतात ‘खे’ मध्ये शिरतो, ‘ऑपखेबेल्ट’. ‘ते’ही (इंग्रजी ‘टू’सारखा शब्द) मध्येच, ‘ऑप ते बेलन’.

तुटणारं कोणतं, हे कान सांगतो. आघात उपसर्गावर असेल तर तुटतं. ‘फोरकोमन’ बघा: ‘फोर’वर आघात दिला तर अर्थ ‘आढळणे’, ‘दात कॉम्ट फाक फोर’, असं वारंवार आढळतं. ‘को’वर दिला तर ‘टाळणे’, ‘दात फोरकॉम्ट फाउटन’, त्याने चुका टळतात.

विशेषणात मराठीची सवय आड येते. आपण ‘पुस्तक मोठं आहे’ म्हणतानाही विशेषण चालवतो. डचमध्ये तिथे ते मूळ रूपात राहतं, ‘हेट बूक इस ग्रोट’. नामाआधी मात्र शेवटी ‘ए’ लागतो (उच्चार पुसट, ‘अ’सारखा). तो गळतो तेव्हा तीन अटी एकत्र लागतात: नाम ‘हेट’चं (‘हेट’ म्हणजे काही नामांना लागणारं, इंग्रजी ‘द’सारखं उपपद), एकवचनी, आणि आधी ‘अन’ (एक), ‘खेन’ (एकही नाही) यांसारखा अनिश्चित शब्द किंवा काहीच नाही. म्हणून ‘अन ग्रोट बूक’, पण ‘हेट ग्रोटे बूक’. ‘मेइन’ (माझं) ‘अन’सारखा वाटतो, तरी ‘मेइन ग्रोटे बूक’च बरोबर. ‘मेइश्ये’ (मुलगी) लघुत्वदर्शक ‘ये’मुळे ‘हेट’ घेते, म्हणून ‘अन क्लेइन मेइश्ये’, एक लहान मुलगी.

तेव्हा वहीत नुसतं ‘बूक’ लिहू नका. ‘हेट बूक’ लिहा.