वेदांची संथा (गुरूकडून तोंडी पाठ) घेताना बैठकीतल्या या चुका टाळा

‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाण्यासारखे म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोके हलवणारा, लिहिलेले वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि क्षीण आवाजाचा. अर्थ न जाणणारा सोडला, तर बाकीच्यांचा दोष बहुधा आधी शरीरात दिसतो आणि मग पाठात उमटतो. म्हणूनच वेदपठणात अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पुन्हा म्हण’ असे सांगण्यापूर्वी तो बसला कसा आहे, हे पाहावे.

सर्वांत अधिक आढळणारी चूक पाठीला पोक काढून बसण्याची. त्यामुळे पोट दाबले जाते, श्वास उथळ होतो आणि अर्धी ऋचा होण्याआधीच तो संपतो. मग विद्यार्थी एक तर भलत्याच ठिकाणी पद तोडतो किंवा उरलेली अक्षरे भराभर उरकतो. मांडी घालून पाठ सरळ आणि खांदे सैल ठेवावेत. बैठक टिकत नसेल, तर आसनाखाली घडी घालून ती थोडी उंच करावी. गुडघे दुखणाऱ्या प्रौढाने खुर्ची घेतली तरी बिघडत नाही, मात्र तिच्या पाठीला रेलू नये.

शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत हस्तस्वर असतो, म्हणजे उच्चाराबरोबर उजवा हातही स्वर (अक्षरांच्या उच्चारातील चढ-उतार) दाखवतो. येथे नेहमीची चूक अशी की, हात आवाजाच्या मागून फिरतो किंवा मांडीवरच पडून राहतो. स्वर वारंवार एकाच जागी चुकत असेल, तर तेवढा भाग अगदी सावकाश, हात आणि उच्चार एकत्र ठेवून घोकावा. मात्र ज्यांच्या परंपरेत हस्तस्वर नाही, त्यांनी दुसऱ्यांचे पाहून हात हलवू नये.

डोके हलवण्याबाबत एक गंमत आहे: केरळातील नंबुद्री परंपरेत गुरूच मुलाचे डोके हाताने धरून स्वराप्रमाणे हलवतात. तो शिकवण्याचा भाग झाला. नकळत लागलेली डुलण्याची सवय वेगळी, कारण तिला स्वराचा धरबंध नसतो.

मोबाइल मांडीवर ठेवून ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांची मान खाली जाते आणि आवाज घशातच अडकतो. मोबाइल डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा. पाठ झालेला भाग म्हणताना तर बाजूलाच ठेवावा.