लेकराचा श्वास मोजायचा तर पूर्ण मिनिटभर मोजा

सर्दी-खोकल्याचं लेकरू उपकेंद्रात आलं की आया आधी ताप सांगतात, मग रात्रभर खोकत होतं ते सांगतात. नर्स म्हणून मला मात्र पहिल्यांदा आकडा हवा असतो, मिनिटाला श्वास किती? साधी सर्दी की न्यूमोनिया, याचा अंदाज त्या आकड्यावरून घरीच येऊ शकतो. त्याला स्टेथोस्कोप लागत नाही. मोबाईलमधला टायमर पुरतो.

लेकरू शांत हवं. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा धरू नका. झोपलेलं असेल तर फारच छान, उठवू नका. आईच्या मांडीवरच राहू द्या, फक्त झबलं वर करा. नाक चोंदलं असेल तर मेडिकलमध्ये मिळणारे सलाईनचे एक-दोन थेंब नाकपुड्यांत सोडा आणि शेंबूड मऊ कापडाने टिपून घ्या. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे नुसत्या शेंबडानेही त्याची धाप वाढते.

आता नजर पोटावर ठेवा. मोठ्या माणसाच्या फासळ्या खाली उतरत्या असतात, श्वास घेताना त्या वर उचलल्या जातात. तान्ह्या बाळाच्या फासळ्या जवळजवळ आडव्या असतात, म्हणून बरंचसं काम छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा, म्हणजे श्वासपटल, करतं. ते आकुंचन पावून खाली सरकलं की छातीतली पोकळी वाढते, आतला दाब उतरतो, हवा आत शिरते आणि पोट वर येतं. ते सैल पडलं की फुप्फुसं आपोआप आक्रसतात आणि हवा बाहेर जाते. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास झाला. वर येणं तेवढंच मोजा, नाहीतर आकडा दुप्पट होतो.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्हं बाळ एका लयीत श्वास घेतच नाही. भरभर काही श्वास घेतं, पाच-सात सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. नेमकं थांबलेलं असताना मोजलं तर आजारी बाळही ठणठणीत वाटेल. पूर्ण 60 सेकंद द्या.

मोजताना गोंधळ होत असेल तर दर दहा श्वासांना एक चिंचोका बाजूला सरकवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या दायांसाठी असंच साधन केलं होतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी, दहा श्वास झाले की एक मणी पुढे. ज्यांना पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते त्या बायकाही न्यूमोनिया ओळखू लागल्या. गावातच निदान आणि गावातच औषध मिळाल्याने बालमृत्यू घटले, हे त्यांनी 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. मला या कामाबद्दल फार आदर आहे.

आता धोक्याचे आकडे. मिनिटाला एवढे श्वास भरले तर न्यूमोनियाची शंका धरा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर 60 किंवा जास्त; असा आकडा आला तर पुन्हा एकदा मोजा, तरी तेवढाच आला तर थेट दवाखाना. दोन महिने ते एक वर्ष, 50 किंवा जास्त. एक ते पाच वर्षं, 40 किंवा जास्त. मोठं माणूस स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतं, म्हणून तीन महिन्यांच्या बाळाचे 38 ऐकून घरचे घाबरतात. ते अगदी ठीक आहे.

न्यूमोनियात आकडा का वाढतो? श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत शेवटी इवलेसे वायुकोश येतात. त्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. न्यूमोनियात हे कोश पू आणि पाण्याने भरतात, फुप्फुस ताठर होतं. खोल श्वास घ्यायला फार जोर लागतो, म्हणून लेकरू उथळ आणि भराभर श्वास घेतं.

तेही पुरेनासं झालं की छाती आत ओढली जाते. उजेडात बाळाच्या फासळ्यांची खालची कड बघा. श्वास आत घेताना पोट वर येतं आणि त्याच क्षणी ती कड आत जाऊन खळगा पडतो. फासळ्या अजून मऊ असतात, श्वासपटलाच्या ओढीने त्या आत खेचल्या जातात. हे दिसलं, बाळ दर श्वासाला कण्हतंय, अंगावर पीत नाही, सारखं गुंगीत आहे, झटका आला किंवा ओठ निळसर दिसले, तर आकडा कितीही असो, मोजत बसू नका. 108 ला फोन लावा.

'पोट उडतंय' हे आजीला बहुधा सगळ्यांआधी दिसतं, तिची नजर पक्की असते. पण त्यावर मेळघाटासारख्या भागात पोटाला तापल्या विळ्याचे चटके दिले जातात. कृपा करून हे थांबवा. त्या भाजण्याने फुप्फुसातला पू हलत नाही, उलट दवाखान्यात जायची वेळ टळून जाते. न्हाऊ घातल्यावर बाळाच्या नाकात तेल सोडणंही बंद करा. ते तेल घशामागून फुप्फुसात उतरतं आणि त्यानेच न्यूमोनिया होऊ शकतो. ओव्याची धुरीही नको. श्वासनलिकेच्या आतले बारीक केस कफ वर ढकलत असतात, धुराने त्यांचं काम मंदावतं.

डॉक्टरांनी औषध दिलं की रोज लेकरू झोपलेलं असताना श्वास मोजा आणि माता-बाल कार्डावर तारखेसह लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत आकडा उतरायला हवा, दूध किंवा जेवण वाढायला हवं. उतरला नाही तर कार्ड घेऊन परत या. उतरला तरी औषध सांगितलेले सगळे दिवस द्या.